विवाहापूर्वीचे नाव

६ जानेवारी, सोमवार

वकील अस्मिताबाईंनी मयुराला सांगितलं, घरात काय काय झालं ते तारखेनिशी एका वहीत लिहून काढा, अर्जाला लागतं. मयुरा घरी येऊन म्हणाली, "मले नाही लिहायचं काही. जे झालं ते झालं." ही डायरी कोरी पडली होती. इथे गांधीबागेतच दिराचं दुकान आहे, तिथे कापड कंपनीवाले दर वर्षी देतात. म्हटलं मीच लिहिते. या घरात तारखा माझ्याइतक्या कोणाच्या लक्षात राहतात?

तर घटना अशी की माझा मुलगा पियूष आणि सून मयुरा यांचा घटस्फोट व्हायचा आहे. दोघांच्या संमतीने. माझी संमती घ्यायची कोणाला आठवण झाली नाही. पियूष शहराच्या दुसऱ्या टोकाला, मिहानमधल्या कंपनीत आहे. दीड वर्षापूर्वी 'ऑफिस जवळ पडते' म्हणून मनीषनगरला फ्लॅट घेऊन राहायला गेला. गांधीबागेपासून मनीषनगर काही लंडन नाही, पण बायकोला न्यायला त्याला रस्ता सापडला नाही, आणि तिनेही विचारला नाही. ती इथेच राहिली, माझ्याजवळ. शिकवणी वर्गात गणित शिकवते, संध्याकाळी घरी येते, मग आम्ही दोघी भाजी निवडता निवडता भांडतो.

वही खाजगी आहे तर खरं लिहिते. पियूष गेला तेव्हा मी आठ दिवस रडले आणि नवव्या दिवशी विसरले. मयुरा गेली तर मात्र कठीण आहे. यांना जाऊन सहा वर्षं झाली. तीन खोल्या, एक गच्ची आणि मी. मी कोणाशी भांडायचं?

म्हणून ठरवलं आहे की हा अर्ज कोर्टात पोहोचू द्यायचा नाही. कसं ते अजून ठरलेलं नाही.

८ जानेवारी, बुधवार

कसं ते ठरलं.

वकीलबाईंनी कागदांची यादी दिली. दोघांची आधार कार्डं, फोटो, लग्नाचे फोटो आणि लग्नपत्रिका, मूळ. लग्न मोडायचं तर आधी ते झालं होतं हे दाखवा म्हणे. दोन हजार माणूस जेवून गेलं, बुंदी कमी पडली म्हणून अजून बोलतात, त्यांना विचारा की.

मयुराने कपाटाची किल्ली मागितली. मी दिली, कारण पत्रिका मी सकाळीच काढून घेतली होती.

"आई, पत्रिका कुठं ठेवली?"

"मले काय माहीत वं? नऊ वर्षं झाले. घुशीनं नेली असंल."

"लॉकरमध्ये होती नं?"

"मग घूस लॉकरमध्ये शिरली असंल."

तिने माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, माझ्या दोन्ही डोळ्यांत औषधाचे थेंब टाकले आणि वर्गाला निघून गेली. मागच्या महिन्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून दिवसातून तीनदा थेंब टाकते. तिला तेवढाच विरंगुळा. पोरीला नवरा नाही जवळ, कोणाचं तरी करावंसं वाटत असेल, म्हणून मीही टाकू देते.

पत्रिका पापडाच्या डब्यात आहे, उडदाच्या पापडांच्या खाली.

संध्याकाळी खिचडी झाली तर म्हणते, "आई, पापड भाजू का दोन?"

"नको. मले खोकला आहे."

"मले नाही खोकला."

"मग तुले होईल."

थोडक्यात वाचले.

११ जानेवारी, शनिवार

आज परत पापडांची चौकशी. काल वरणभातासोबत, आज पिठल्यासोबत. इतकी पापडाची आवड हिला कधी नव्हती. मी सांगून टाकलं की पापडांना जाळी लागली आहे. ती म्हणाली, "मग डबा खाली करून उन्हात ठेवते." मी म्हटलं, आज ऊन नाही. बाहेर डोळे दिपतील इतकं ऊन होतं. ती खिडकीकडे पाहून म्हणाली, "हो, खरंच नाही."

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली आहे. पारशिवनीला तिच्या वडिलांकडे पत्रिका असणारच. चंपतराव साधी पावतीही फेकत नाहीत. एक फोन केला तर उद्या पत्रिका हजर. तिने अजून फोन केलेला नाही. शिकलेली असली तरी एवढं तिला सुचलं नाही, हे माझं नशीब.

शेजारच्या यमुताईंना विश्वासात घेतलं. त्या म्हणाल्या, "दोघायले एका ताटात जेवाले बसवा, बाकी आपोआप होते." येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी पियूषला बोलावलं आहे. वकिलाच्या कागदावर काही माहिती भरायची आहे, ती इथे बसून भरू म्हटलं. वडाभात करीन. वडाभातापुढे त्याचं कधी काही चाललेलं नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. मी विधवा, त्यामुळे आमच्या घरचं हळदीकुंकू मयुराच्या हातून होतं. मी आत बसून वाट्यांमध्ये तिळगूळ भरते आणि बाहेरचं सगळं ऐकते. यंदा तिने करायला नको म्हटलं होतं. मी म्हटलं, कागदावर सही होईपर्यंत तू सवाष्ण आहेस, कामाला लाग.

पंचवीस बाया आल्या. गल्लीतल्या अर्ध्यांना माहीत होतं, उरलेल्यांना यमुताईंनी जिन्यात सांगितलं. तरी त्यातली एक टवळी म्हणालीच, "मयुरा, नाव घे नं वं." मी आत तिळगुळाचा हात थांबवला. आता ही रडते की उठून जाते? तर ही ठसक्यात म्हणाली,

"तिळगुळाच्या वाटीला हलव्याचा शृंगार,
कौशल्याबाईंची सून मी, अजून दिवस चार."

मग यमुताईंना ठसका लागला आणि सगळ्या हसत सुटल्या. मीसुद्धा आत तोंडाला पदर लावून हसले. उखाण्यात नवऱ्याच्या जागी सासूचं नाव घेतलेलं मी तरी पहिल्यांदा ऐकलं. मला अभिमानच वाटला.

'चार दिवस' तिने यमक जुळवायला घेतलं असणार.

१९ जानेवारी, रविवार

आज काय झालं ते नीट लिहिते, नाहीतर उद्या मीच ते वेगळं सांगायला लागेन.

पियूष अकराला आला. थोडा जाड झाला आहे. मयुराने पाणी दिलं, त्याने 'कशी आहेस' विचारलं, तिने 'मस्त' सांगितलं. भांडण नाही, काही नाही. रेल्वेत समोरासमोर बसलेली माणसं बोलतात तसं बोलत होते. मी दोघांची पानं शेजारी मांडली. मयुराने तिचं उचलून माझ्या बाजूला ठेवलं, "तिकडं पंख्याचा वारा लागते," म्हणाली. जानेवारीत पंखा बंद असतो.

वड्यांचा शेवटचा घाणा तळायचा होता म्हणून पियूषने कागद काढला. वकीलबाईंनी दोघांनाही एकेक छापील तक्ता दिला आहे, नाव, गाव, लग्नाची तारीख, सगळं भरायचं. तारीख त्याने मला विचारली. ते ठीक आहे, पुरुषांच्या लक्षात राहत नाही. मग म्हणाला, "आई, इथं 'पत्नीचे विवाहापूर्वीचे नाव' म्हणते."

आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने नवीन नाव लिहायचं. मयुरा हे नाव मी ठेवलं होतं. मला मुलगी झाली तर ठेवीन म्हणून किती वर्षं राखून ठेवलेलं. मुलगी झाली नाही, सून आली, तिला दिलं. तेव्हा पियूष तांदळात लिहीत होता आणि मी मागून 'अक्षर सरळ काढ' म्हणून ओरडत होते. दुसऱ्याच महिन्यात आधार कार्डावर, बँकेत, रेशन कार्डावर मी स्वतः मागे लागून तिचं नाव बदलून घेतलं होतं.

पियूषने 'भोयर' हे तिचं माहेरचं आडनाव लिहिलं आणि पेन थांबवलं.

"पहिलं नाव काय होतं हिचं? सांग नं."

मी सांगायला तोंड उघडलं. आणि काही नाही. 'स' होता की 'श'? सुनीता? शीतल? पारशिवनीला तिचे वडील तिला 'माय' म्हणतात, वर्गात 'मॅडम' म्हणतात.

मयुरा आमच्या समोरच होती. भातावर फोडणीचं तेल घालत होती. तिने मान वर केली नाही. सांगितलंही नाही. पियूषचं झालं की माझ्या भातावर घातलं, तेही न मोजता अगदी मला लागतं तितकंच. एवढ्या वेळात आम्हा दोघांपैकी एकालाही नाव आठवलं नाही.

"जेवा आता. भात थंडा होऊन राहिला," ती म्हणाली.

पियूषने त्या रकान्यात 'मयुरा' लिहून टाकलं आणि कागद घडी केला. चार वडे खाल्ले. जाताना म्हणाला, "आई, वडे एक नंबर होते." पापड का नाही, एवढं मात्र त्याने विचारलं.

२० जानेवारी, सोमवार

ती वर्गाला गेल्यावर पापडाच्या डब्यातून पत्रिका काढली. हिंगाचा वास लागला आहे. चि. सौ. कां. श्वेता.

श्वेता.

पियूषला फोन करून झापायचं म्हणून नंबर काढला. मग लक्षात आलं की जे त्याला बोलायचं ते सगळंच्या सगळं मलाही लागू आहे. फोन ठेवून दिला. आज वाईट वाटतं आहे, आणि ते नेमकं कोणासाठी हे मला कळत नाही.

२२ जानेवारी, बुधवार

पत्रिका दिली. तिच्या हातात ठेवली आणि म्हटलं, "घे. घूस परत देऊन गेली."

तिने वास घेतला आणि हसली. मग तिच्या फाइलमधून दुसरी पत्रिका काढून दाखवली. स्वच्छ, कोरी. चंपतरावांनी डिसेंबरातच पाठवलेली.

"मग मले काहून मागत होती वं रोज? पापड पापड करून जीव घेतला माझा."

"तुम्ही देता का, ते पाहून राहिली होती."

मी विचारलं, तुला मयुरा नाव आवडलं नव्हतं का. आमच्यात सगळ्यांचीच बदलतात, त्यात विचारायचं असतं हे मला कधी सुचलंच नाही.

"नाव चांगलं आहे आई. पण सुरुवातीले कोणी मयुरा म्हटलं की मी मागं वळून पाहे, कोणाले बोलावून राहिले म्हणून. दोन वर्षं असं झालं. मग सवय झाली. सवय झाली तवा जास्त वाईट वाटलं."

भाजी निवडता निवडता हे बोलणं झालं. मेथी होती. मग मी मुद्द्याचं विचारलं, की पुढे राहणार इथेच ना. घर माझ्या नावावर आहे, पियूषच्या नाही. कोर्टाने काहीही म्हटलं तरी तुला इथून कोणी हलवू शकत नाही.

ती म्हणाली, "प्रतापनगरले खोली घेतली आई. आठ फेब्रुवारीले जाते."

"कधी पाहिली?"

"नोव्हेंबरात."

"मग तवाच काहून नाही गेली?"

"तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं नं."

मी मेथी निवडत राहिले. काड्या भाजीत आणि पानं कचऱ्यात गेली, तिने गुपचूप उलटं करून घेतलं. दीड वर्ष मी समजत होते की नवऱ्याने सोडलेल्या पोरीला मी आसरा दिला. गल्लीत तसं सांगतही होते. आणि ही इतके दिवस माझे डोळे बरे व्हायची वाट पाहत थांबली होती. मला फार लाज वाटली. राग पण आला, कारण उपकार करणारी मी होते ना!

मग आम्ही भांडलो. कशावरून ते आठवत नाही, बहुतेक मेथीवरूनच. बरं वाटलं.

२९ जानेवारी, बुधवार

आज वकिलाच्या ऑफिसात गेलो. नावांचा घोळ मोठा निघाला. पत्रिका, डिग्री आणि पॅन कार्डावर श्वेता, आधार आणि बँकेत मयुरा. ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं शपथेवर लिहून द्यावं लागतं. अस्मिताबाई म्हणाल्या, तिचं तर घेऊच, पण घरातल्या मोठ्या माणसाचंही असलेलं बरं.

"नाव कोणी बदललं होतं?"

"मीच," मी म्हटलं. कोर्टात जायच्या आधीच कबुलीजबाब झाला.

टायपिंग करणाऱ्या मुलीने विचारलं, "आजी, तुमचं नाव सांगा. पूर्ण."

आणि माझ्या तोंडातून निघालं, "चारुशीला."

तिने टाइप केलं. मग आधार कार्ड घेतलं, पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. "आजी, कार्डावर तर कौशल्या आहे. हे कोणाचं नाव सांगितलं?"

"माझंच," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

बेचाळीस वर्षांत हे नाव मी उच्चारलं नव्हतं, लिहिलं नव्हतं. शपथेवर सांगते की आठवलंही नव्हतं. माझ्या सासूबाईंना घरात रामाच्या आईचं नाव हवं होतं, त्यांनी तांदळात काढायला लावलं, झालं. माझ्या वेळी आधार कार्ड नव्हतं, त्यामुळे कोणाला धावपळही पडली नाही. पण सुनेचं नाव माझ्या जिभेवर आलं नाही आणि हे मात्र न बोलावता आलं.

मयुरा, म्हणजे श्वेता, माझ्याकडे पाहत राहिली होती. अस्मिताबाई चष्मा काढून म्हणाल्या, "काय हो आजी, तुमचाही अर्ज करायचा का सोबत?"

मी म्हटलं, "नवरा वर गेला. नोटीस कोणत्या पत्त्यावर धाडता?"

ऑफिसात सगळे हसले. श्वेता इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मग ते पाणी थांबेना आणि तिने तोंड फिरवलं. मला जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलंही. टायपिंगवाली मुलगी दोन मिनिटं थांबली.

मग कौशल्या या नावाने मी सही केली, की श्वेता आणि मयुरा या दोन्ही एकच व्यक्ती आहेत. खरं तर मला ते पटलेलं नाही. पण कोर्टाला तेवढं पुरतं म्हणे.

५ फेब्रुवारी, बुधवार

अर्ज दाखल झाला. पियूष वेळेवर आला, जिथे सांगितलं तिथे सह्या केल्या. पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची मिळाली. मी काहीही लपवलं नाही, काहीही हरवलं नाही. शिक्क्याच्या कागदाच्या जागी कोणी दुसराच कागद लावला होता तो मीच दाखवून दिला. अस्मिताबाई म्हणाल्या, तुमच्यासारखी सासू या दारात मी पाहिली नाही. कुठल्या अर्थाने ते मी विचारलं नाही.

बाहेर पियूष म्हणाला, "आई, घरी सोडून देऊ का गाडीनं?" मी म्हटलं, आम्ही दोघी ऑटोने जातो. मग त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "श्वेता. तिचं नाव श्वेता होय. त्या दिवशी मलेही नाही आठवलं, म्हणून तुले ओरडत नाही." तो मान खाली घालून उभा राहिला. पोरगा वाईट नाही. त्याच्यावरही माझाच हात फिरलेला आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

ती गेली. दोन बॅगा, एक टेबल, पुस्तकांची चार खोकी. टेम्पोवाल्याने अर्ध्या तासात भरलं. माणूस नऊ वर्षं राहिलं तर सामान जरा जास्त असावं असं मला वाटलं. मी लोणच्याची बरणी दिली, ती पाया पडायला वाकली तर मी म्हटलं, आता कोणत्या नात्याने पडतेस? ती म्हणाली, "वयानं मोठ्या आहात." बरोबर आहे.

डोळ्यांचे थेंब माझे मला टाकता येतात. आज एक डोळ्यात गेला, एक कानाजवळ.

११ फेब्रुवारी, मंगळवार

तीन दिवसांत फक्त दूधवाल्याशी आणि यमुताईंशी बोलले. यमुताई माझं ऐकून घेतात, उलटून भांडत नाहीत, त्यात काही मजा नाही. दुपारी दोन माणसांचा भात लावला आणि मग बसून राहिले. रडले. लिहून ठेवते, कारण कोणी विचारलं तर नाही म्हणणार आहे.

संध्याकाळी फोन वाजला. अनोळखी नंबर.

"हॅलो, चारुशीलाबाई आहेत का?"

आवाज मुद्दाम जाड केलेला होता, पण मी ओळखला.

"त्या बेचाळीस वर्षं झाले बाहेर गेल्या आहेत," मी म्हटलं. "काही निरोप?"

पलीकडचा आवाज साधा झाला.

"त्यायले सांगा, श्वेताचा फोन होता. रविवारी जेवाले येऊ का विचारून राहिली. पण त्या घरी असल्या तरच येते."

"असतील," मी म्हटलं.